सादळलेलं शिखर

वाळ्याचा वास लोकांना फार आवडतो. उन्हं तापायला लागली की नांदेडच्या बाजारात दुकानांपुढं वाळ्याचे पडदे टांगलेले दिसतात. माणसं तिथं रेंगाळतात, डोळे मिटून छाती भरून वास घेतात आणि काय गार वाटतं म्हणतात. मला त्या वासाचा तिटकारा आहे. यंदा शेजारणीनं गॅलरीला नवा पडदा लावला आणि दुपारी त्यावर पाणी मारायला सुरुवात केली, तेव्हापासून मी त्या बाजूची खिडकी लावून घेते. तिला ते लागलं. "ताई, आमचा गार वारा फुकट येऊन राहिलाय तुमच्याकडं, आन् तुम्ही खिडकी लावून बसताव," असं म्हणाली. मी हसून वेळ मारून नेली. खरं कारण सांगायचं तर एक आख्खा उन्हाळा सांगावा लागला असता, आणि त्या उन्हाळ्यातला एक माणूसही.

त्या माणसावर माझा राग नाही. रागवायला समोरचा माणूस निदान आपल्या खांद्याएवढा तरी लागतो. माझ्या मनात त्यांच्याविषयी आहे ती निव्वळ तुच्छता, आणि ती मी इतकी वर्षं नीट झाकून कोरड्या जागी ठेवली आहे. उन्हाळा आला की बायका पापडाचे डबे उघडून बघतात, तशी मी ती काढून बघते. अजून कुरकुरीत आहे.

ते माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक. सगळे त्यांना सर म्हणतात, मीही म्हणते. जिभेला वळण पडलंय, त्याला काही इलाज नाही.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांना त्या तोऱ्याची कल्पना यायची नाही. कालपरवापर्यंत जिल्ह्याच्या कचेरीसाठी कागद घेऊन उस्मानाबादच्या एसटीत लोंबकळणारी माणसं आता गोलाईच्या चौकात चहाचा घोट घेत "आपल्या जिल्ह्यात" अशी वाक्याची सुरुवात करायची. पेंटर लोकांना जेवायला फुरसत नव्हती. सलूनवाल्यानं 'जिल्हा केशकर्तनालय' लिहून घेतलं, तेव्हा शेजारच्या पंक्चरवाल्यानं आपल्या टांगलेल्या टायरवर पांढऱ्या रंगात 'जिल्हा' रंगवून घेतलं. भाड्याच्या इमारतींत कचेऱ्या आल्या, साहेब आले, साहेबांच्या जीपा आल्या. पाऊस तेवढा आला नाही. पहिल्या वर्षी कमी आला, दुसऱ्या वर्षी तोंड दाखवून गेला, आणि मग मी सांगते आहे तो उन्हाळा आला. नव्या जिल्ह्यात पहिला टँकर, पहिली चारा छावणी. तरी पाट्या रंगवणं थांबलं नव्हतं.

अशा जिल्ह्याला आपला म्हणून एक शास्त्रज्ञ हवा होता, आणि तो सरांच्या रूपानं तयार होता.

मी मूळची भोकरची. वडील पाटबंधारे खात्यात कारकून. आमच्या वस्तीत मुलगी बी.एस्सी. झाली तीच मोठी गोष्ट होती; एम.एस्सी. झाले तेव्हा लोक घरी येऊन मला बघून गेले. पीएच.डी.ला नाव नोंदवलं आणि वडिलांनी दारावर नवी पाटी करून घेतली. वर त्यांचं नाव, खाली माझं. माझ्या नावाच्या डाव्या बाजूला त्यांनी पेंटरला बोटभर जागा मोकळी सोडायला लावली. 'डॉ.' नंतर येऊन लिहून जा, त्याचे पैसे आत्ताच घे, असं म्हणाले. वस्तीनं बुद्धविहारात माझा सत्कार करायचं आधीच ठरवून टाकलं होतं, फक्त दिवस ठरायचा होता. लातुरात माझी मावशी सरकारी दवाखान्यात नर्स होती. मी तिच्याकडं राहायचे आणि रोज पायी कॉलेजात जायचे. माझ्या त्या चालण्यात आमची आख्खी वस्ती चालत होती, हे मला ठाऊक होतं आणि त्याचं ओझंही वाटत होतं.

माझा विषय ऐकला की माणसं दुसरं काहीतरी बोलायला लागायची. द्रवस्फटिकी सहबहुवारिकांची स्फटिकता आणि शिथिलन. मराठीत सांगितलं तरी कुणाला कळत नाही असं मराठी. मावशीला मी सोपं करून सांगितलं होतं. हे एक प्लास्टिकच. त्याचा रेणू म्हणजे लांबच लांब दोरा. त्या दोऱ्यात दोन तऱ्हेचे तुकडे ओवलेले, एक ताठ, कडब्याच्या धाटासारखा, आणि दुसरा मऊ, वाकणारा. असा पदार्थ तापवून वितळवला तरी त्यातले ताठ तुकडे एकाच दिशेला तोंड करून राहतात. ओढ्याला आलेल्या पाण्यात कडबा वाहून जाताना दिसतो ना, तसे. वाहतात, पण ओळ सोडत नाहीत. मग तो गार करायचा. सावकाश गार केला तर दोरे शिस्तीत रचून बसतात, ती स्फटिकता. एकदम थंड पाण्यात बुडवला तर जिथं असतील तिथं गोठतात, अवघडलेले. पुढं जरा ऊब मिळाली की ते अवघडलेले दोरे कुशी बदलतात, अंग सैल करतात. ते शिथिलन.

"म्हंजे नाइट ड्युटीवरून आलेल्या बाईवानी," मावशी म्हणाली.

"हाव," मी म्हटलं. इतकं चांगलं उदाहरण सरांनी कधी दिलं नव्हतं.

दोरे कुशी बदलतात ते डोळ्यांना दिसत नाही. त्या पदार्थाची पातळ चकती करायची, दोन धातूच्या पट्ट्यांमध्ये धरायची, तिला वीज द्यायची आणि हळूहळू तापवत न्यायचं. चकती किती वीज गिळते ते आलेखाच्या कागदावर टिंबाटिंबानं मांडत जायचं. ज्या तापमानाला आत हालचाल होते तिथं रेघ चढते आणि उतरते. तो उंचवटा म्हणजे शिखर.

सर तरुणपणी परदेशातल्या एका प्रयोगशाळेत राहून आले होते. येताना या पदार्थाची एक काचेची बरणी घेऊन आले. त्या एका बरणीवर आमचा अख्खा विभाग जगला. चमचाभर काढायचं, चकत्या करायच्या, मोजायचं, लेख लिहायचा. त्या चकत्यांमध्ये सरांना एक नवंच शिखर सापडलं होतं. जगात इतरांच्या आलेखांत जिथं सपाट रेघ होती तिथं सरांच्या आलेखात सुबक टेकाड यायचं. शिवाय ते नेमानं यायचं. झटकन गार केलेल्या चकतीत उंच, सावकाश गार केलेल्या चकतीत बुटकं. सरांनी त्याचा अर्थ लावला होता की जिथं रचना ढिली, तिथं दोऱ्यांना कुशी बदलायला जागा जास्त. ऐकायला बिनतोड वाटायचं. त्यावर लेख छापून आले, आणि लातुरातल्या एका पेपरानं त्याला 'लातूर शिखर' असं नाव देऊन टाकलं. नवा जिल्हा खूश झाला. सर स्टेशनरी घ्यायला गेले तरी दुकानदार उठून उभा राहायचा. शाळांच्या स्नेहसंमेलनांत ते वैज्ञानिक दृष्टीवर बोलायचे. क्रीम रंगाचा सफारी, मानेला पावडर, आणि खिशाला चार पेनं, त्यातलं चालणारं एक.

मोजणीच्या खोलीच्या खिडक्यांना वाळ्याचे जाड पडदे होते. उन्हाळ्यात खय्यूमभाई, आमच्या विभागाचे शिपाई, दिवसभर त्यांवर झारीनं पाणी मारायचे. सर सांगायचे, उपकरणाला थंडावा लागतो. उपकरणाला काही लागत नव्हतं. सरांना दुपारी त्या खोलीत आरामखुर्चीत पडायला आवडायचं, एवढंच. भिंतीला पाठ लावली की ब्लाउज ओला व्हायचा, आलेखाचे कागद मऊ पडायचे आणि पेन्सिलीचं टोक त्यात रुतायचं. तो वास तेव्हा मला आवडायचा. आपण काहीतरी मोठं करतो आहोत असं त्या अंधाऱ्या गार खोलीत वाटायचं.

सरांचा एक नियम होता. एक चकती, एक मोजणी. तीच चकती दुसऱ्यांदा मोजायची नाही; तापवल्यानं तिची रचना बिघडते, असं ते म्हणायचे. आम्ही मान डोलवायचो. मी तर वहीत पहिल्याच पानावर तो नियम लिहून खाली दोनदा रेघ मारली होती.

मग तो उन्हाळा आला. कॉलेजची विहीर आटली. टँकर दिवसाआड यायचा, तोही आला तर. प्राचार्यांनी सांगून टाकलं की पडद्यांवर पाणी मारायचं बंद. वाळ्याचे पडदे सुकून कडक झाले, त्यांच्या काड्या गळायला लागल्या, आणि खोलीत गोठ्यातल्या जुन्या गवताचा वास भरला. सर घरी बसून विश्रांती घेऊ लागले. मला प्रबंधाचं शेवटचं प्रकरण पुरं करायचं होतं, म्हणून मी एकटीच त्या भट्टीत बसून मोजत राहिले.

आणि शिखर येईना.

पहिल्यांदा वाटलं, माझीच चूक. पट्ट्या घासल्या, तारा बदलल्या, नव्या चकत्या केल्या. रेघ सपाट. झटकन गार केलेली घेतली, सावकाश गार केलेली घेतली, दोन्हींची रेघ उस्मानाबादच्या रस्त्यासारखी सरळ. सरांच्या घरी जाऊन सांगितलं. त्यांनी पंख्याखालून न उठता सांगितलं, "हात साफ ठेव. धांदरटपणा करून राहिलीस तू." धांदरट हा शब्द त्यांनी फक्त मुलींसाठी राखून ठेवला होता. मुलांना ते उत्साही म्हणायचे.

त्या दिवसांची हवा मला अजून अंगावर जाणवते. ओल नावाला नव्हती. ओठ फुटून रक्त यायचं. रात्री साडी सोडताना चटचट आवाज व्हायचा. कंगवा फिरवला की केस उभे राहायचे. दाराच्या फळ्या आकसल्या आणि त्यांच्या फटींतून बाहेरचा रस्ता दिसायला लागला. प्रयोगशाळेत ओल शोषून घेणारे खडे असतात, कोरडे असले की निळे, ओल प्यायले की गुलाबी. एरवी झाकण उघडं राहिलं की ते बघता बघता रंग बदलायचे. त्या वैशाखात ते बशीत उघडे पडून होते आणि निळेच्या निळे राहिले होते. मला ते रोज दिसत होतं. बघूनही माझ्या डोक्यात काही शिरत नव्हतं, कारण डोक्यात शिखर बसलं होतं.

शिरलं ते मावशीच्या स्वयंपाकघरात. मावशीनं पापड केले होते आणि ते परातीत तसेच उघडे ठेवले होते. मी विचारलं, डब्यात भरायचे नाहीत का.

"काय गरज हाय," ती म्हणाली. "यंदा डबा बी नको आन् झाकण बी नको. लई दिस झाले उघडे हायत, पर सादळंनात. सादळायला हवेत पानी तर पायजे."

मी हातातला पापड मोडून बघितला. काचेसारखा मोडला. मग माझ्या लक्षात आलं की आमच्या चकत्याही इतकी वर्षं त्या गार खोलीत सादळत होत्या. पाणी शिरत असेल ते कणभर. पण आमचं यंत्र तेवढ्यानंही हलायचं. चकती तापवायला घेतली की आतलं पाणी हालचाल करायचं, रेघ चढायची. पाणी उडून गेलं की रेघ उतरायची. झटकन गार केलेल्या चकतीची रचना ढिली, म्हणून तिच्यात पाणी जास्त शिरायचं, म्हणून तिचं शिखर उंच. सगळं जुळत होतं. फक्त ते शिखर दोऱ्यांचं नव्हतं, खय्यूमभाईंच्या झारीचं होतं.

परदेशातल्या लोकांना ते का सापडलं नाही, हेही कळलं. त्यांच्याकडं मोजणीच्या खोलीला कुणी ओलं गवत टांगत नाही. असा शोध लागायला मराठवाड्यातला वैशाख लागतो आणि मराठवाड्यातला साहेब लागतो.

खात्री करायची तर पाणी हवं होतं. मावशीच्या माठातलं वाटीभर मागितलं. "पिऊन घे की त्यापरीस," ती म्हणाली, पण दिलं. दुसऱ्या दिवशी एका डब्यात ओलं फडकं ठेवून वर चकती ठेवली, झाकण लावलं आणि संध्याकाळी मोजली. शिखर आलं, सरांच्या लेखात छापलं होतं तस्संच. मग मी नियम मोडला. तीच चकती तिथंच गार करून पुन्हा मोजली. सपाट. मला आनंद झाला. आज हे लिहिताना हसू येतं, पण खरंच आनंद झाला होता. वाटलं, सरांना सांगितलं की ते पाठीवर थाप मारतील. चूक सापडणं म्हणजे विज्ञानच, असं तेच तर शाळांमधून सांगत फिरायचे.

दोन्ही आलेख घेऊन सरांना बोलावून आणलं. त्यांनी एक कागद बघितला, दुसरा बघितला. मी बोलत होते, पापडापासून सगळं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही, एकही प्रश्न विचारला नाही. बोलणं संपल्यावर त्यांनी खिडकीकडं बघितलं आणि हाक मारली, "खय्यूम, टँकर आलाय का?"

टँकर आला होता. फाटकाशी मागच्या झोपडपट्टीतल्या बायका घागरी मांडून उभ्या होत्या. कॉलेजचं भरून झालं की उरलेलं त्यांना मिळायचं. सर म्हणाले, दोन घागरी आण आणि पडद्यावर मार.

खय्यूमभाई जागचे हलले नाहीत. "साहेब, बाया लाइनीत हायत. प्यायला पानी न्हाई लोकांला, आन् पडद्याला?"

"उपकरणाला लागतं," सर म्हणाले.

खय्यूमभाईंनी आणलं. काय करणार, नोकरी होती. घागरी उचलताना रांगेतली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "मशीन बी तान्हेली हाय व्हय रे?" आणि बाकीच्या हसल्या. सर ऐकून न ऐकल्यासारखं करून आत आले. पाणी पडद्यावर पडलं, वाळ्याचा वास उठला आणि त्या क्षणापासून मला तो वास सहन होत नाही.

आम्ही थांबलो. सर आरामखुर्चीत बसले होते, पोटावर हात ठेवून. मला एवढंच कळत होतं की त्यांनी कारण विचारलं नव्हतं. ज्या माणसाचं आयुष्यभराचं काम कोसळतंय तो ओरडेल, भांडेल, तुझं चुकलंय म्हणेल. हा माणूस पडदा भिजवायला सांगून स्वस्थ बसला होता. एक चकती, एक मोजणी, हा नियम कशासाठी होता ते मला तेव्हा कळलं. त्यांना ठाऊक होतं. कधीपासून ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी मोजलं. रेघ चढली आणि उतरली.

"आलं का न्हाई?" सर म्हणाले.

"सर, ते पाण्याचं आहे."

त्यांनी चष्मा काढून पुसला. आवाज एकदम मऊ झाला, घरातल्या माणसासारखा. "सुजाता, जिल्हा नवा हाय. लोकांला दुष्काळात एक चांगली गोष्ट भेटलीय. पुढच्या महिन्यात पालकमंत्री सत्कार करून राहिलेत. तुझं प्रकरण लिही, मी सही करतो, तू डॉक्टर हो. राहू दे की. कुणाचं काय बिघडून राहिलंय त्यात?"

बाहेर त्या दोन घागरींपुरत्या दोन बाया रिकाम्या परत गेल्या होत्या, पण ते उत्तर म्हणून मला त्या वेळी सुचलं नाही. मी मान खाली घालून चकत्या आवरल्या.

प्रकरण मात्र जसं मोजलं तसं लिहिलं. ओल्या चकतीचा आलेख, सुक्या चकतीचा आलेख, शेजारीशेजारी. सर मला कधी नाही म्हणाले नाहीत. नाही म्हणायला जी धमक लागते ती त्यांच्यात नव्हती. प्रबंध त्यांच्या टेबलावर राहिला. आज बघतो, उद्या बघतो, भाषा जरा सुधार, सत्काराची गडबड आहे, मुंबईहून आलो की बघू. सत्कार झाला. मंडपात मंत्री म्हणाले की या शिखरानं आपल्या बालाघाटाच्या डोंगराची मान उंच झाली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. पावसाळा आला, खोली पुन्हा ओली झाली, शिखर आपोआप यायला लागलं. सरांना पडदे भिजवायचीही गरज उरली नाही. मी विद्यापीठात दुसऱ्या दोघा-तिघांकडं जाऊन आले. सगळ्यांनी आलेख बघितले, सगळ्यांना कळलं, आणि सगळे म्हणाले की काम चांगलं आहे, पण सरांशी वाकडं कशाला घ्यायचं. माझी मुदत संपली. सही नसलेला प्रबंध घेऊन मी एसटीनं भोकरला आले. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा खिडकीतून बाहेर बघत मी खूप रडले, आणि शेजारच्या बाईनं मला सासरी चाललेली समजून पाण्याची बाटली पुढं केली.

दारावरची पाटी तशीच राहिली. विहारातला सत्कार कुणी रद्द केला नाही. नुसतं त्याबद्दल बोलणं थांबलं, जे जास्त लागलं. पेंटर एकदा वाटेत भेटून वडिलांना म्हणाला होता, भाऊसाहेब, पैसे घेऊन बसलोय, कधी येऊ सांगा. मी बी.एड. केलं, भोकरच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले आणि तिथूनच निवृत्त होऊन नांदेडला राहायला आले. वाईट झालं असं म्हणणार नाही. मुलांना मी एकच प्रयोग दोनदा करायला लावायचे, एवढीच माझी ख्याती.

कधीकधी मी त्या दोऱ्यांचा विचार करते. नुसत्या ताठ तुकड्यांचा पदार्थ ठिसूळ होतो, त्यात मऊ तुकडे लागतात, हे मला मान्य आहे, पुस्तकातच आहे. माझ्यात ताठ तुकडे थोडे जास्त पडले असतील. पण सरांमध्ये एकही पडला नव्हता. नुसत्या मऊ दोऱ्यांच्या भाजी आणायच्या पिशव्या होतात. आणि अवघडलेले दोरे ऊब मिळाली की सैल होतात म्हणतात, तर मला ऊब भरपूर मिळाली, शाळेची, मावशीची, विद्यार्थ्यांची. तरी एक गाठ काही सुटली नाही. मी ती सोडवायचा फारसा प्रयत्नही केला नाही.

या वैशाखात सरांना एक्क्याऐंशी पूर्ण झाली म्हणून लातुरात सोहळा झाला. निमंत्रण आलं. सोनेरी छपाईची पत्रिका, आणि तिच्यावर गणपतीच्या जागी तो आलेख. चढणारी-उतरणारी रेघ सोनेरी शाईत बघून मी मोठ्यानं हसले. बाहेर पुन्हा टँकर फिरतायत, गेल्या पावसानं दगा दिलाय, आणि ही मंडळी झारीच्या पाण्याची रेघ सोन्यात छापतायत. मी गेले. कशाला, असं मुलीनं विचारलं. बघायला, म्हटलं.

हॉल गार होता. दारात चार मोठे कूलर घोंघावत होते. व्यासपीठावर सर चाकांच्या खुर्चीत बसलेले, लहान झालेले, सफारीची कॉलर मानेपासून लांब उभी. भाषणं झाली. एकालाही ते शिखर म्हणजे काय हे माहीत नव्हतं. एकानं ते जगात कुठंही न सापडणारं असल्याचं सांगितलं, आणि ते मात्र खरं होतं. मग सरांच्या हातात माईक दिला. त्यांनी सभागृहावर नजर फिरवली, मला ओळखलं आणि थरथरत्या आवाजात म्हणाले, "माझी लाडकी विद्यार्थिनी आज आलीय. डॉक्टर सुजाता. ये पोरी, वर ये."

सहीची शाई ज्यांना जड झाली होती, ते आता फुकटात डॉक्टर म्हणत होते. लोक मान वळवून बघायला लागले. मी वर गेले. निवेदकानं माईक पुढं केला.

"मी डॉक्टर नाही," मी म्हणाले. "माझ्या प्रबंधावर सरांनी सही केली नाही. या पत्रिकेवरचं शिखर पाण्याचं आहे, असं मी त्यात लिहिलं होतं."

निवेदक हसून म्हणाला, "बघा मंडळी, काय हा विनय! सरांचे संस्कार दुसरे काय?" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. सरही टाळ्या वाजवत होते, हळूहळू, तळहाताला तळहात जेमतेम लावत. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते म्हातारपणाचं होतं की आणखी कशाचं, हे मला कळलं नाही आणि कळून घ्यायचंही नव्हतं. कुणीतरी माझ्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला आणि फोटोसाठी मला सरांच्या खुर्चीला लागून उभं केलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात तो फोटो आला. खाली माझं नाव, आणि नावाच्या डाव्या बाजूला 'डॉ.'. वडील गेले त्याला बरीच वर्षं झाली. ती जुनी पाटी मी भोकरहून आणून इथल्या दाराच्या आतल्या बाजूला टांगली आहे. बोटभर मोकळी जागा अजून आहे, तेवढ्याच भागाचा रंग जरा उजळ दिसतो. पेपर हातात घेऊन मी थोडा वेळ तिच्यापुढं उभी राहिले. मग पेपराच्या लातूर कचेरीत फोन लावला आणि म्हटलं, माझ्या नावाआधी चुकून डॉक्टर छापलंय, उद्या दुरुस्ती द्या.

पलीकडचा पोरगा चांगल्या स्वभावाचा होता. "मॅडम, कशाला?" तो म्हणाला. "सरांनी सोता म्हटलंय. एवढ्या मोठ्या मानसानं दिलेलं हाय, राहू द्या की. कुणाचं काय बिघडून राहिलंय त्यात?"

"माझं," मी म्हणाले. "काढा ते."